पायाशी पडलेली पुंगळी

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची काडतुसाशी पहिली गाठ इतिहासाच्या पुस्तकात पडते. १८५७ साल, एन्फिल्ड बंदूक, चरबी लावलेले काडतूस आणि ते दाताने तोडायला नकार देणारे शिपाई. ते काडतूस म्हणजे कागदाची सुरळी होती. आत मोजून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपायाने दाताने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. बार झाला की काडतूस संपले, मागे काही उरत नसे. त्यानंतर वीस वर्षांच्या आत जगातल्या बहुतेक मोठ्या फौजांनी कागद सोडून धातूची पुंगळी धरली, आणि एक नवीच गोष्ट घडली. बार झाल्यावर काडतुसाचा एक भाग शाबूत राहू लागला.

या पुस्तकाचा विषय तो शाबूत राहिलेला भाग आहे. रायफलची उडालेली पुंगळी उचलून आणायची, साफ करायची, मूळ मापावर आणायची आणि घरच्या टेबलावर पुन्हा भरायची. अमेरिकेत याला रीलोडिंग म्हणतात. तिथे हा जुना, कायदेशीर आणि अगदी घरगुती छंद आहे. गॅरेजच्या कोपऱ्यात, तळघरात, कपाटाएवढ्या जागेत तो चालतो. अमेरिकेत कायमची राहणारी, शनिवार-रविवारी रेंजवर जाणारी मराठी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी मला विचारले आहे, की हे सुरू कसे करायचे. त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले. ज्यांना स्वतः काही भरायचे नाही, पण ही गोष्ट चालते कशी याचे कुतूहल आहे, त्यांनाही ते वाचता यावे अशी काळजी घेतली आहे.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडात गोळी. घोडा ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, त्यातले मिश्रण पेटते, ज्योत बारीक भोकातून दारूत शिरते, दारूचा वायू होतो आणि गोळी नळीतून सुटते. दारू जळून जाते, गोळी निघून जाते, प्रायमर निकामी होतो. पुंगळी तेवढी राहते. पितळ या कामाला इतके योग्य का, तर बार होताना ते फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीला चिकटते, वायूला मागे वाट देत नाही आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटे होते. म्हणून बोल्ट मागे घेतला की पुंगळी सहज बाहेर येऊन पायाशी पडते.

सगळ्याच पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत, आणि नेमके आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण भरता न येणाऱ्यांचे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचे जगज्जेतेपद मिळवले. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारांतली रायफल .२२ ची आणि तिचे काडतूस रिमफायर. त्यात वेगळा प्रायमर नसतो. पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या काठातच भरलेले असते. पिन त्या काठाला चेपते, आणि एकदा चेपलेला काठ पुन्हा कामाला येत नाही. हा छंद सेंटरफायर काडतुसांचा आहे, ज्यांत प्रायमर बुडाच्या मधोमध सुटा बसवलेला असतो. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड, ६.५ क्रीडमूर ही त्यातली नवशिक्याला वारंवार भेटणारी नावे.

सेंटरफायरमध्येही दोन घराणी आहेत. हायरम बर्डन हा अमेरिकन आणि एडवर्ड बॉक्सर हा ब्रिटिश अधिकारी. दोघांच्या प्रायमरच्या रचना १८६० च्या दशकातल्या. बर्डनच्या पुंगळीत ज्योतीसाठी सहसा दोन भोके असतात आणि प्रायमर ज्यावर चेपला जातो तो उंचवटा पुंगळीचाच भाग असतो. बॉक्सरच्या रचनेत तो उंचवटा प्रायमरमध्येच असतो आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. अमेरिकनाची रचना युरोपभर गेली आणि इंग्रजाची अमेरिकेत रुजली. अमेरिकेत हा छंद घरोघरी पोचण्यात त्या एका भोकाचा वाटा फार मोठा आहे. पुंगळी मापावर आणणाऱ्या साच्यातली, म्हणजे डायमधली, सरळ पिन मधल्या भोकातून खाली येते आणि जुना प्रायमर एका झटक्यात ढकलून बाहेर काढते. बर्डन पुंगळीतून प्रायमर काढणे हा खटाटोप आहे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

ज्यांनी हा छंद घडवला त्या माणसांनी कारखानदार म्हणून सुरुवात केलेली नव्हती, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांत रानरेड्यांची (बायसनची) शिकार करणारे लोक मुक्कामावरच आपली काडतुसे भरत. जवळचे दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर असे. १८८४ मध्ये जॉन बार्लो याने कनेक्टिकटमध्ये आयडियल कंपनी काढली आणि पक्कडीच्या आकाराचे, खिशात मावणारे भरणयंत्र विकायला सुरुवात केली. ती कंपनी पुढे लायमनने घेतली. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टनने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत गोळ्या दाबून घडवायचे साचे बनवले. गोळीच्या बाहेरच्या आवरणासाठी त्याने वापरल्या त्या उडालेल्या .२२ रिमफायरच्याच पुंगळ्या. ज्या पुंगळीत पुन्हा दारू भरता येत नाही, तिची त्याने गोळी केली. आज आरसीबीएस नावाने जी हिरवी यंत्रे दिसतात ती तिथून निघाली. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सरकारकडे पडून असलेली ४८९५ दारू विकत घेऊन छंदिष्टांना विकली, आणि १९४९ मध्ये नेब्रास्काच्या ग्रँड आयलंडला जॉइस हॉर्नडीने .३० कॅलिबरच्या गोळ्या करायला घेतल्या. दुकानात जे मिळत नव्हते ते या माणसांनी आधी स्वतःसाठी केले, मग दुसऱ्यांसाठी.

आता पैशांचे. रीलोडिंगने पैसे वाचतात असे प्रत्येक नवशिका घरी सांगतो. एका काडतुसाचा हिशेब केला तर ते खरेही आहे, कारण पुंगळी काडतुसाच्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे आणि ती पुन्हा पुन्हा वापरात येते. पण महिन्याचा खर्च सहसा कमी होत नाही. माणूस जास्त नेमबाजी करू लागतो. २०२० नंतरच्या टंचाईत अमेरिकेत प्रायमर मिळणेही मुश्कील झाले होते आणि ज्यांच्या कपाटात आधीचा साठा होता तेच रेंजवर जात होते, हेही लक्षात ठेवावे. बचतीसाठी या छंदात पडू नका. याचे खरे कारण नेमकेपणा आहे. कारखान्याला आपले काडतूस त्या कॅलिबरच्या प्रत्येक रायफलीत बसवायचे असते, म्हणून तो पुंगळी थोडी आखूड आणि बारीक ठेवतो. तुमच्यापुढे एकच रायफल असते. तिच्या चेंबरात एकदा उडालेली पुंगळी त्या चेंबराचा आकार घेऊन बाहेर येते, आणि तो आकार शक्य तेवढा जपून ती भरली तर पुढचे काडतूस त्या एकाच रायफलीसाठी बेतलेले होते. ओहायोतल्या कँप पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांत लांब पल्ल्यावर नेमबाजी करणाऱ्यांना हा फरक कागदावर दिसतो.

पुढे जाण्याआधी कायद्याचे बोलले पाहिजे. मराठी वाचकांसाठी लिहिताना ते परिशिष्टात ढकलणे मला बरोबर वाटले नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत ज्यांच्या घरातले कोणी नोकरीला होते त्यांना काडतूस बनताना किती शिस्त लागते हे ऐकून माहीत असेल. पण ते सरकारी काम आहे. भारतात बसून या पुस्तकातले काहीही हाताने करून पाहू नये.

अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायची तर लागतो. पण आपल्या लोकांनी याहून महत्त्वाची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायलाच बंदी आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे तयार काडतूसच असे नाही. सुटी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारूही त्यात येते. ‘मी बंदूक कुठे घेतली, नुसत्या पुंगळ्या आणल्या’ हे म्हणणे तिथे टिकत नाही. अपवादात आपण बसतो असे वाटत असेल तर वकिलाला विचारा. नाहीतर ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत पुस्तकावर समाधान माना. त्याशिवाय राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे असतात, घर भाड्याचे असेल तर करारपत्रही पाहावे लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नवशिक्याचे डोळे दारूवर आणि गोळीवर असतात. कोणती दारू, किती वजनाची गोळी, किती वेग. मी या पुस्तकात अर्ध्याहून जास्त पाने पुंगळीला दिली आहेत, आणि ती मुद्दाम दिली आहेत. बाकीचे तीन भाग नवे कोरे, कारखान्यातून मोजून-तपासून येतात. पुंगळी तेवढी वापरलेली असते, तिच्यावर आधी जे जे गुजरले ते तिच्या अंगावर उमटलेले असते, आणि ते वाचणे हे या छंदातले खरे कौशल्य आहे.

एक उडालेली .३०८ ची पुंगळी दिव्याखाली धरा. तोंडापासून सुरुवात करा. मानेवर केसासारखी उभी चीर दिसते का? दिसली तर ती पुंगळी गेली. मानेखाली उतरता खांदा, त्याखाली सरळ अंग. आता बुडाकडे या. बुडाच्या वर साधारण बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर अंगाभोवती एखादी चकचकीत, फिकट कडी दिसते का पाहा. दिसली तर कागदाची पिन सरळ करा, टोक काटकोनात वळवून कानशीने टोकदार करा आणि पुंगळीच्या आत बुडापर्यंत नेऊन भिंतीला घासत वर ओढा. गुळगुळीत आली तर ठीक. वाटेत एखाद्या खाचेत अडकली, तर आतली भिंत तिथे पातळ झाली आहे. अशी पुंगळी पुढच्या एखाद्या बाराला तिथून दोन तुकडे होते आणि तापलेला वायू मागे, तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो. तिला पक्कडीने चेपून भंगारात टाका. चेपणे महत्त्वाचे, नाहीतर कोणीतरी ती पुन्हा ढिगात टाकतो.

ही भिंत पातळ का होते, ते कळले की अर्धे रीलोडिंग कळले. पुंगळी साइझिंग डायमध्ये घातली की ती दबून लहान होते. डाय गरजेपेक्षा खाली बसवली असेल तर खांदा जास्त मागे ढकलला जातो. मग पुढच्या वेळी चेंबरमध्ये पुंगळीसमोर मोकळी जागा उरते, बार होताच ती ताणली जाते, आणि ताणायला पितळ येते ते बुडाजवळच्या भिंतीतून. पुन्हा दाबा, पुन्हा ताणा. चार-पाच फेऱ्यांत कडी उमटते. बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी खांदा इंचाच्या एक-दोन हजारांशांएवढाच मागे न्यावा, आणि तो मोजून न्यावा. बाराचा कमाल दाब .३०८ मध्ये दर चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत धरलेला आहे. त्या दाबापुढे अंदाजाला जागा नाही. ताणलेले पितळ पुढेही सरकते, म्हणून पुंगळीची लांबी प्रत्येक वेळी मोजायची. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच. त्याहून लांब झालेल्या पुंगळीचे तोंड नळीच्या सुरुवातीला चेपले जाते, गोळी सहज सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. लांब झालेली मान कापून मापावर आणायची, मग काठाची धार आतून-बाहेरून मोडायची.

पितळ दाबले, ताणले की टणक होते. पुण्याच्या तांबट आळीत मठारलेल्या भांड्याचा पत्रा ठोक्यांनी कसा कडक होतो आणि पुढचे काम घेण्याआधी ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ का करतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुंगळीची मान का फुटते हे वेगळे समजवावे लागणार नाही. काडतुसाचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त; काही फेऱ्यांनंतर त्याची मान काही क्षण तापवून मऊ करता येते. पण मानच. बूड टणक राहिले पाहिजे, कारण दाब तिथे पेलायचा असतो. बूड मऊ पडलेली पुंगळी धोकादायक आहे. पहिल्या वर्षी या तापवण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मान फुटू लागली की नव्या पुंगळ्या घ्या.

पितळेचा आणखी एक स्वभाव जगाला कळला तो आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडे पडले होते. पावसाळ्यात मोहिमा थांबत, काडतुसे तबेल्यांजवळ साठवून ठेवली जात, आणि पाऊस संपल्यावर पाहावे तर कोणी हात न लावलेल्या कित्येक पुंगळ्यांना चिरा गेलेल्या असत. याचा उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते केले होते. धातुशास्त्रात या चिरांना आजही मोसमी चिरा अशाच अर्थाचे नाव आहे. नवशिक्याने यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. घरात पितळी भांडी चकचकीत करायला जी पॉलिश असतात त्यांतल्या अनेकांत अमोनिया असतो. ते पुंगळ्यांना लावू नका. अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा घालून फिरवणारा टंबलर पुरेसा आहे. पुंगळी स्वच्छ हवी, आरशासारखी चमकायची गरज नाही.

दारूकडे वळताना एक माप सांगतो. या छंदात सगळी वजने ग्रेनमध्ये असतात आणि आपल्या लोकांना ते परके वाटते. ते परके नाही. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. .३०-०६ साठी दुकानात मिळणारी १८० ग्रेनची गोळी हातात घ्या. तिचे वजन बरोबर एक तोळा आहे. तोळ्याच्या ९६ गुंजा, तेव्हा एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. कमाल मापाच्या जवळ अर्ध्या ग्रेनचा फरकही दाबात जाणवतो. अर्धा ग्रेन म्हणजे जेमतेम पाव गुंज. सराफाच्या दुकानात पंखा बंद करून काटा का पाहत असत ते इथे आठवावे. तुमच्या काट्यालाही वारा लागता कामा नये, आणि रोज काम सुरू करण्याआधी तो माहीत असलेल्या वजनाने तपासलेला असावा.

या पुस्तकात दारूचे एकही माप दिलेले नाही. शोधू नका, सापडणार नाही. मापे दारू आणि गोळ्या करणाऱ्या कंपन्यांच्या चालू मॅन्युअलमधून घ्यायची असतात, कारण त्यांनी ती दाब मोजणाऱ्या नळ्यांत उडवून पाहिलेली असतात. तिथे प्रत्येक जोडीला सुरुवातीचे आणि कमाल अशी दोन मापे असतात. नेहमी सुरुवातीच्या मापापासून आरंभ करा आणि थोडे थोडे वर चढा. मित्राने कागदावर लिहून दिलेले माप त्याच्या रायफलीचे असते. जाड भिंतीच्या लष्करी पुंगळीत आतली जागा कमी असते, तेव्हा त्याच दारूने तिच्यात दाब जास्त होतो. नावांचाही घोटाळा जीवघेणा आहे. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या दारू आहेत. तसेच ४८९५ चे. आकडा सारखा, अक्षरे वेगळी, जळण्याचा वेग वेगळा. पिस्तुलाची झपाट्याने जळणारी दारू चुकून रायफलीच्या पुंगळीत पडली तर रायफल फुटते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि काम संपले की उरलेली दारू त्याच डब्यात परत. डब्यावरचे नाव पुसले गेले असेल, तर ती दारू दिसते कशी यावरून ओळखायचा प्रयत्न करू नका. ती काडतुसात जायची नाही.

दारू भरून झाल्यावर, गोळी बसवण्याआधी, ठोकळ्यात उभ्या केलेल्या सगळ्या पुंगळ्यांत बॅटरीचा झोत टाकून पाहा. सगळीकडे दारू एकाच पातळीवर दिसली पाहिजे. एखादी रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकू शकते, आणि मागून दुसरा बार केला तर काय होते ते सांगायला नको. एवढ्यासाठी मी भरताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि कोणी हाक मारली तर हातातली पुंगळी रिकामी करून मगच उठतो.

अवजारांवर फार लिहीत नाही, पुढे प्रकरण आहे. नवशिक्याने एका वेळी एकच काम करणारा साधा सिंगल-स्टेज प्रेस घ्यावा. हँडल ओढले की सगळी कामे एकदम करणारे यंत्र नंतर कधीतरी. कॅलिबरप्रमाणे डाय, शेल होल्डर, काटा, कॅलिपर, नरसाळे, मान कापायचे यंत्र. आणि पुंगळीला लावायचे वंगण, जे विसरले की पुंगळी डायमध्ये अशी रुतते की दुपार तिथेच जाते.

शिसे मात्र विसरू नका. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि टंबलरच्या धुळीत ते राहते. टेबलावर चहा नाही, खाणे नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, टंबलर घराबाहेर रिकामा करा, लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. दारू मूळ डब्यातच राहू द्या. काचेच्या बरणीत किंवा लोखंडी पेटीत कोंडून नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा संहितेत घरात मूळ डब्यांतली २० पौंड दारू आणि १०,००० प्रायमर ही मर्यादा आहे. गावचा नियम याहून कडक असू शकतो. छंदाला यातले थोडेच लागते.

वही ठेवा. कोणत्या पुंगळ्या, कितव्यांदा भरल्या, कोणती दारू कोणत्या डब्यातली, कोणती गोळी, हवा कशी होती, कागदावर गोळ्या कुठे लागल्या. भरलेल्या डबीवरही चिठ्ठी हवी. महिन्याने डबी उघडल्यावर आत काय आहे हे आठवत नसेल, तर ती काडतुसे उडवू नका, सुटी करा.

आता विनंती एवढीच. यंत्र घेण्याआधी एक चालू मॅन्युअल विकत घ्या आणि त्याची सुरुवातीची प्रकरणे, मापांचे तक्ते सोडून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. जवळच्या क्लबात जाणते कोणी असेल तर त्याच्या टेबलाशी एक दिवस नुसते बसा. पहिल्यांदा थोडीच काडतुसे भरा, उडवा, पुंगळ्या घरी आणून दिव्याखाली पाहा आणि मगच पुढची भरा. आणि हे पुस्तक वाचताना मॅन्युअलचे सांगणे आणि माझे सांगणे कुठे वेगळे पडले, तर मॅन्युअलचे ऐका.